साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा का होतो?

साबुदाण्याची खिचडी मोकळी होणं ही आपल्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट आहे, आणि पोहे मऊ तरीही सुटे होणं ही पण. ज्यांना जमतं ते सगळं अंदाजाने करतात, आणि विचारलं की सांगतात की साबुदाण्यात पाणी दाण्याच्या वर यायला नको, पोहे चाळणीतच धुवायचे, झाकण ठेवून चांगली वाफ काढायची, फोडणीच्या भाताला आदल्या दिवशीचाच भात हवा. कारण बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. मला हे नियम फार आवडतात, कारण जरा खोलात गेलं की कळतं हे चार वेगळे नियम नाहीतच, सगळे स्टार्चचे आहेत. स्टार्चच्या पोटात पाणी किती गेलं, आणि गॅसवर चढायच्या आधी गेलं की नंतर, आपला नाश्ता सगळा त्यावर ठरतो.

तांदूळ, बटाटा, रवा, साबुदाणा, सगळ्यांत स्टार्च असतो तो बारीक बारीक कणांच्या रूपात, इतके बारीक की मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतात. त्या कणात दोन प्रकारचे रेणू दाटीवाटीने रचलेले असतात. एक अमायलोज, लांब सरळ धाग्यासारखा, आणि दुसरा अमायलोपेक्टिन, त्याला फांद्याच फांद्या. थंड पाण्यात हा कण विरघळत नाही, थोडंफार पाणी पिऊन गप्प बसतो. पण तापमान साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या घरात गेलं (धान्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे) की आतली रचना सैल पडते, पाणी आत घुसतं, कण फुगतो, अमायलोज बाहेर झिरपायला लागतं, आणि अजून तापवत ढवळत राहिलात तर कण फुटून सगळं बाहेर येतं. शिजणं म्हणतो ते हेच. फुगण्यापर्यंत थांबलं तर मऊ मोकळा दाणा, फुटेपर्यंत गेलं तर खळ. पोस्टर चिकटवायला करतात ती खळ म्हणजे तरी काय, मैद्याचा स्टार्च पाण्यात फुटेपर्यंत शिजवलेला.

आता साबुदाणा बघा. आपल्याकडे मिळतो तो कसावाच्या कंदापासून करतात, टॅपिओका पण म्हणतात त्याला, आणि देशातला मोठा उद्योग तमिळनाडूत सेलमच्या आसपास आहे. कंद किसून त्याचा स्टार्च पाण्यात धुऊन काढतात, ओलसर असतानाच हलवून हलवून गोळ्या वळतात, मग गरम तव्यांवर भाजून उन्हात वाळवतात. या भाजण्यातच खरी मेख आहे. ओल्या गोळीचं बाहेरचं आवरण तव्यावर थोडं शिजतं, आतला भाग बहुतेक कच्चाच राहतो. म्हणजे साबुदाण्याचा दाणा हा बाहेरून शिजलेला आणि आतून कच्चा असा स्टार्चचा गोळा आहे. तो कोरडाच उकळत्या पाण्यात टाकला तर बाहेरचं आवरण आधी फुटून चिकट होतं आणि मध्ये पांढरा ठिपका कच्चा तो कच्चाच. म्हणून भिजवणं. तासन्तास शांतपणे भिजत ठेवलं की पाणी अगदी केंद्रापर्यंत पोचतं, आणि नंतर कढईत फक्त उष्णता द्यायची बाकी राहते, वरून पाणी लागतच नाही.

आणि म्हणूनच पाणी दाण्याच्या वर यायला नको. दाणे लागेल तेवढं पाणी पितात, जास्तीचं बाहेर राहतं, आणि कढईत गेल्यावर तेच पाणी पृष्ठभागावरच्या स्टार्चला फोडतं. भिजवायच्या आधी दोनतीन पाण्याने चोळून धुवायचं तेही यासाठीच, पोत्यात एकमेकांवर घासून जी पीठी सुटलेली असते ती आधीच निघून जाते. सकाळी एक दाणा बोटात धरून दाबायचा, पूर्ण चुरला गेला आणि मध्ये काही टोचलं नाही की झालं. टोचलं तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास अजून ठेवा, घाई करून कढईत टाकू नका, कढईत गेल्यावर ती कसर भरून निघत नाही.

दाण्याचं कूट आधीच मिसळून ठेवायचं हे तर मला या रेसिपीतलं सगळ्यात हुशार पाऊल वाटतं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. कूट दाण्यांना लागलं की एक तर वरचा ओलावा टिपला जातो आणि दुसरं म्हणजे तेलाचा पातळ थर मध्ये येतो, त्यामुळे एका दाण्याचा स्टार्च दुसऱ्याला चिकटत नाही. शिवाय साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, तो निव्वळ स्टार्च आहे, आणि शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळे कुटाला कंजूषी केली तर चव आणि पोषण दोन्ही जातं. कढईत परतताना दाण्याकडे नीट लक्ष ठेवा. भिजलेला दाणा पांढराशुभ्र दिसतो कारण आतल्या लाखो कणांवरून प्रकाश विखुरतो. कण फुगून एकमेकांत मिसळले की विखुरणं कमी होतं आणि दाणा आरपार दिसायला लागतो. बहुतेक दाणे असे पारदर्शक झाले, एखाददुसरा अजून पांढरट आहे, तिथेच गॅस बंद करायचा. त्यापुढे परतलं की कण फुटायला लागतात.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या उपासाच्या या खिचडीतला कसावा, बटाटा, मिरची आणि शेंगदाणा, चारही मूळचे अमेरिका खंडातले, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांचं येणं-जाणं सुरू झाल्यानंतरच्या काळात इकडे आलेले. तूप, जिरं तेवढं जुनं. त्याने उपास कमी होत नाही, पण इतक्या लांबून आलेल्या वस्तू आपल्या आज्यांनी किती आपल्याशा करून टाकल्या याचं मला खरंच कौतुक वाटतं.

पोह्यांची गोष्ट उलटी आहे. साबुदाणा बराचसा कच्चा, पोहे मात्र आधीच शिजलेले. भात, म्हणजे साळ, गरम पाण्यात भिजवतात, मग भट्टीवर तापलेल्या वाळूत भाजतात आणि गरम मऊ असतानाच कुटून किंवा रोलरखाली चेपून चपटे करतात. दाण्यात शिरलेल्या पाण्यात आणि भट्टीच्या उष्णतेत स्टार्च तिथेच शिजून गेलेला असतो. म्हणून तर दूध-पोहे, दही-पोहे, गूळ-खोबरं घातलेले पोहे गॅस न पेटवता खाता येतात, आणि गोव्यात, कोकणात दिवाळीच्या सकाळी पोह्यांचे इतके प्रकार होतात.

शिजलेला स्टार्च पाणी फार पटकन पितो, त्यात पोहे पातळ. पाणी आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पोहा दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट. म्हणून जाडे पोहे धुऊन चाळणीत दहा मिनिटं ठेवायचे आणि पातळ पोह्यांना नुसता पाण्याचा शिपका पुरतो, आणि म्हणून जाड्या पोह्यांचा नियम पातळ पोह्यांना लावला की लगदा होतो. भांड्यात भिजवले तर ते पाणी पीतच राहतात, चाळणीत धुतले की जास्तीचं निथळून जातं आणि जे अंगाला राहिलं तेवढंच हळूहळू आत मुरतं. नंतर झाकणाखालची वाफ उरलेली कामगिरी करते, कारण वाफ प्रत्येक पोह्याला सारखी लागते, वरून ओतलेलं पाणी तसं लागत नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे दडपे पोहे. पातळ पोहे घ्यायचे, त्यात ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मीठ, साखर, लिंबू घालायचं, असलं तर थोडं नारळाचं पाणी, आणि वरून वजन ठेवून दडपून ठेवायचे. मीठ आणि साखर कांद्यातलं पाणी बाहेर ओढतात, हा ऑस्मोसिस, खोबऱ्याचा ओलावा असतोच, आणि पोहे तो सगळा रस पिऊन मऊ होतात. नळाचं पाणी नाही, म्हणजे जे आत जातंय ते सगळं चवीचंच. वरून फोडणी घातली की झालं. मला तर हा पदार्थ कांदेपोह्यांपेक्षा वरचा वाटतो, आणि त्याला हॉटेलात कोणी विचारत नाही याचं वाईट वाटतं.

पोह्यांमध्ये लोह असतं हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आकडे फार वेगवेगळे दिसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅमला 20 मिलिग्रॅम होते आणि 2017 च्या नव्या तक्त्यात साधारण साडेचार. त्यामुळे पोह्यांवर लोहाची सगळी भिस्त ठेवू नये. पण जे काही आहे ते अंगी लागावं यासाठी लिंबू खरंच उपयोगी आहे. धान्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, क जीवनसत्त्व त्याला शोषता येईल अशा रूपात आणतं. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं म्हणून लिंबू ताटात वाढल्यावर पिळायचं, कढईत नाही. आणि चहा? चहातले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला धरून ठेवतात आणि शोषण बरंच कमी करतात. पोहे आणि चहा ही जोडी मोडा असं सांगायचा माझा जीव होत नाही, पण घरात कोणाचं हिमोग्लोबिन कमी असेल, विशेषतः मुली, गरोदर बायका, तर त्यांचा चहा तासभर पुढे ढकला, ते नक्की करा.

फोडणीबद्दल थोडक्यात. हळदीचा रंग देणारं कर्क्युमिन, मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सायसिन, हिंगाचे उग्र वासाचे गंधकयुक्त पदार्थ, सगळे पाण्यात कमी आणि तेलात छान विरघळतात, म्हणून तेलात फोडणी देऊन मग ती सगळीकडे पसरवणं हाच चव पोचवायचा रस्ता. मोहरी तडतडते कारण आतला ओलावा वाफ होऊन साल फोडतो. आणि लोणच्यातली मोहरी नाकात जाते पण फोडणीतली जात नाही, कारण मोहरीचा झणका तयार करणारं एन्झाइम दाणा भरडून ओलावा लागला की कामाला लागतं, तापलेल्या तेलात ते आधीच निकामी होतं.

आजारपणातला मऊ भात, गुरगुट्या भात, पेज यात मात्र आपल्याला कण फुटायलाच हवे असतात. भरपूर पाणी, मंद आच, आणि आंबेमोहोरसारखा मऊ होणारा सुवासिक तांदूळ. फुटलेल्या कणांतला स्टार्च पचायला सोपा जातो, त्याचं तुटणं तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होतं. त्यात मीठ घातलेली पेज म्हणजे तर खरंखुरं विज्ञान आहे. आतड्यात स्टार्च तुटून झालेलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम एकमेकांना धरून पेशीत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं, ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते साखर-मिठाचं पाणी, याच तत्त्वावर चालतं, आणि ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरून केलेल्या ओआरएसवर 1980 च्या दशकात बराच अभ्यास झाला. जुलाब होत असलेल्या माणसाला कोकणातली पेज बरी वाटते ती उगाच नाही (अर्थात लहान मूल असेल, लघवी कमी झाली असेल तर पेजेवर थांबू नका, ओआरएस द्या आणि डॉक्टरकडे जा). मेतकूट घातलं की डाळीतलं लायसिन (प्रथिनांचा एक घटक) मिळतं जे भातात कमी असतं, वरण-भाताचंही तेच.

राहिला फोडणीचा भात. शिजलेला स्टार्च गार झाला की सुटे झालेले रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन रचले जातात, पाणी बाहेर पडतं, दाणा घट्ट होतो. गार झालेले पोहे वातड होतात ते यामुळेच, आणि आदल्या दिवशीचा भात परतताना मोडत नाही तेही यामुळेच, ताजा गरम भात घेतलात तर त्याचा चिखल होणार. फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया सगळ्यात जोरात चालते, म्हणून फ्रीजमधला भात काढल्यावर खडखडीत वाटतो. पाण्याचा शिपका मारून वाफ दिली की अमायलोपेक्टिनची रचना पुन्हा सैल होते आणि भात मऊ होतो, अमायलोजची मात्र तशीच राहते, आणि तो भाग लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना खायला मिळतो.

फक्त एक करा. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवू नका, विशेषतः उन्हाळ्यात. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात जागे होतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात, आणि ते विष इतकं चिवट आहे की सकाळी कितीही खमंग फोडणी दिली, कितीही वाफ काढली तरी नष्ट होत नाही. वासाने कळतही नाही. जेवणं झाली की उरलेला भात मोठ्या ताटात पसरून गार करायचा, तासाभरात डब्यात घालून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच बाहेर काढून भरपूर कांदा, शेंगदाणे, हळद, तिखट घालून परतायचा.