पालथी स्थिती (कोविड-१९)

तीव्र कोविड-१९मध्ये फुप्फुसे सुजून रक्तातील प्राणवायू घटू लागला, की रुग्णाला पोटावर झोपवून श्वसन सुधारण्याच्या उपचाराला पालथी स्थिती म्हणतात. अतिदक्षता विभागात ‘प्रोनिंग’ हाच शब्द रूढ आहे. हा उपचार कोरोनाच्या साथीत जन्मलेला नाही. पालथे केल्याने प्राणवायूचे प्रमाण वाढते, हे १९७०च्या दशकापासून ठाऊक होते, परंतु त्याने जीव वाचतात याचा भक्कम पुरावा २०१३ साली ‘प्रोसेव्हा’ या चाचणीने दिला. व्हेंटिलेटरवरील ४६६ रुग्णांच्या या चाचणीत, दररोज किमान १६ तास सलग पालथे ठेवलेल्यांपैकी १६ टक्के, तर उताणे ठेवलेल्यांपैकी ३२.८ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले.

माणूस उताणा असताना हृदयाचा आणि पोटातील अवयवांचा भार फुप्फुसांच्या पाठीकडील भागावर येतो. सूज आलेले फुप्फुस आधीच जड झालेले असते, त्यामुळे तेथील वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, मिटतात. रक्त मात्र त्यांच्याभोवती वाहतच राहते आणि प्राणवायू न घेता परत फिरते. पालथे केल्यावर हे वायुकोश पुन्हा उघडतात व यंत्राने सोडलेली हवा सर्वत्र समान पसरते. विशेष म्हणजे, प्रोसेव्हाच्या पुढील विश्लेषणात, ज्यांचा प्राणवायू वाढला तेच वाचले असे दिसले नाही. यंत्राच्या दाबाने फुप्फुसाला होणारी इजा टळणे, हाच मोठा लाभ असावा असे त्यावरून मानले जाते.

यासाठी नवे यंत्र लागत नाही, माणसे लागतात. बेशुद्ध ठेवलेल्या रुग्णाला वळवताना एक जण डोक्याशी उभा राहून श्वासनलिकेतील नळी हाताने धरतो, त्याच्याच इशाऱ्यावर दोन्ही बाजूंचे चार-पाच जण एकाच वेळी वळवतात. तत्पूर्वी डोळे मिटून चिकटपट्टी लावलेली असते. पुढे दर काही तासांनी मान आणि हात यांची बाजू बदलावी लागते, अन्यथा गाल, हनुवटी व छातीवर दाबव्रण होतात आणि खांद्याजवळील नसा दुखावतात. परिचारिकांच्या या अखंड श्रमांची नोंद चाचण्यांच्या आकडेवारीत क्वचितच उमटते, हे खेदजनक आहे.

साथीच्या काळात शुद्धीवर असलेल्या, केवळ प्राणवायूवर ठेवलेल्या रुग्णांनाही पालथे झोपण्यास सांगितले जाऊ लागले. सहा देशांतील सुमारे १,१०० रुग्णांच्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित चाचणीत श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ ४० ऐवजी ३३ टक्के रुग्णांवर आली, मृत्यूंत मात्र स्पष्ट घट आढळली नाही. जागेपणी मान अवघडते, खांदे दुखतात, म्हणून बरेच रुग्ण थोड्याच वेळात कूस बदलतात. छातीखाली आणि नडगीखाली उशी नीट बसवून दिली, तर ते अधिक काळ तग धरतात.