हॉस्पिटल एकाचं, जागा दुसऱ्याची

8 जानेवारी 2025 ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका कायद्यावर सही झाली, हॉस्पिटलची मुख्य जागा रीटकडून भाड्याने घेतलेली असेल तर लायसन्स मिळणार नाही. 1 एप्रिल 2024 ला आधीच चालू असलेले भाडेकरार तेवढे सुटले. एवढा कडक नियम अचानक नाही आला.

रीट म्हणजे जागा विकत घेऊन भाडं कमावणारी कंपनी. 1960 च्या अमेरिकन कायद्याने लहान गुंतवणूकदारांना मोठ्या इमारतींच्या कमाईत वाटा मिळावा म्हणून ही सोय केली. आज किमान 90 टक्के करपात्र उत्पन्न डिव्हिडंड म्हणून वाटायचं आणि वाटलेल्या पैशावर कंपनीला टॅक्स नाही. मॉल, ऑफिसला हे ठीकच आहे, पण हॉस्पिटलने स्वतःची जागा विकून तिथेच भाडेकरू व्हायचं आणि वर प्रॉपर्टी टॅक्स, विमा, दुरुस्ती पण बहुतेक वेळा त्यानेच भरायची, म्हणजे पेशंट कमी झाले तरी भाडं काही थांबत नाही.

खरं तर मॅनॉरकेअरच्या वेळीच सावध व्हायला हवं होतं. कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने 2007 ला ही नर्सिंग होम्सची साखळी घेतली, 2011 ला जागा 6.1 अब्ज डॉलरला एका रीटला विकल्या, 2018 ला कंपनी दिवाळखोरीत.

मॅसॅच्युसेट्समधल्याच बोस्टनमध्ये 2010 ला सर्बेरस या गुंतवणूक कंपनीने कॅथलिक धर्मादाय हॉस्पिटल्स घेऊन स्टुअर्ड ही हॉस्पिटल्सची साखळी उभी केली. राज्याच्या अॅटर्नी जनरलने (मुख्य कायदा अधिकाऱ्याने) अटी घातल्या, देखरेख ठेवली, ती 2015 ला संपली आणि 2016 मध्ये जागांचा 1.25 अब्ज डॉलरचा व्यवहार मेडिकल प्रॉपर्टीज ट्रस्ट या रीटशी झाला. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, हॉस्पिटल कोण घेतंय हे सरकारने बारकाईने तपासलं पण त्याखालची जमीन कोणाकडे जातेय हे बघणारं कोणी नव्हतं.

मग स्टुअर्डची थकबाकी वाढत गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये स्टुअर्डच्याच सेंट एलिझाबेथ्स हॉस्पिटलमध्ये बाळंतपणानंतर एका बाईला आत रक्तस्राव सुरू झाला, तो थांबवायला लागणाऱ्या बारीक कॉइल्स बिल न भरल्यामुळे सप्लायर काही आठवडे आधीच परत घेऊन गेला होता. ती बाई वाचली नाही. मे 2024 मध्ये स्टुअर्ड दिवाळखोरीत गेली, 31 ऑगस्टला कार्नी आणि नशोबा व्हॅली ही तिची दोन हॉस्पिटल्स बंद पडली.

रीटच्या काही टॅक्स सवलती काढायचं मार्की आणि वॉरन या सिनेटर्सचं 2024 चं बिल अमेरिकन संसदेच्या त्या कार्यकाळात पास झालं नाही, आणि जुने करार तर मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यातही तसेच राहिले.