रॉडचा लिव्हर आणि केबलचा लिव्हर: जुन्या सायकलीचा ब्रेक ओळखताना

जुन्या सायकलींचा संग्रह करणारे लोक ज्या सुट्या भागांसाठी गावोगाव हिंडतात, त्यांत ब्रेकच्या लिव्हरचा मान मोठा आहे. मराठवाड्यात हा छंद जसा वाढू लागला आहे, तशी एक गफलतही वाढली आहे. लातूरच्या गंजगोलाईजवळची जुनी दुकाने असोत की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी परिसरातली, ‘जुन्या इंग्लिश सायकलचा ब्रेक लिव्हर’ म्हणून जे दाखवले जाते ते दोन अगदी निराळ्या पद्धतींपैकी कोणत्याही एका पद्धतीचे असू शकते. एक लिव्हर लोखंडी रॉड उचलतो आणि दुसरा तारेची केबल ओढतो. दोन्ही पोलादी असतात, दोन्ही मुठीखाली लांबवर जातात, दोन्हींवर निकेल किंवा क्रोमचा मुलामा असतो; त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत त्यांच्यातला फरक सहजी दिसत नाही, आणि घेणारा आपल्या सायकलला कधीच न बसणारा भाग घेऊन घरी येतो.

आधी रॉडचा लिव्हर पाहू. आपल्याकडे दूधवाले, पोस्टमन आणि शाळामास्तर यांनी पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या बावीस किंवा चोवीस इंची फ्रेमच्या काळ्या सायकलींवर हाच असे. हा लिव्हर म्हणजे वाकवलेली एक लांब सळई असते. तिचा एक भाग मुठीखालून समांतर मागे येतो, दुसरा हँडलच्या आडव्या भागाखालून मधल्या खुंट्याकडे जातो आणि तिथे त्याला एक आखूड हात असतो. हँडलला पक्क्या जोडलेल्या छोट्या कानांमधून हा आडवा भाग गेलेला असतो. मुठीखालचा भाग वर दाबला की आडवी सळई कानांत स्वतःभोवती फिरते, मधला आखूड हात उचलला जातो आणि त्याला अडकवलेला उभा रॉड वर ओढला जातो. पुढच्या चाकावर रिकिबीच्या आकाराची एक कमान असते. ती या रॉडबरोबर वर येते आणि तिच्या दोन टोकांवरचे रबर रिमला आतल्या बाजूने, म्हणजे आऱ्यांच्या दोन्ही अंगांना, भिडतात. मागच्या ब्रेकचा प्रवास अधिक लांबचा आहे. लिव्हरने उचललेला रॉड फ्रेमच्या तिरक्या नळीच्या वरच्या टोकाशी असलेल्या कोनी जोडाला हलवतो, तिथून नळीलगतचा लांब रॉड पायडलच्या धुरीपाशी असलेल्या दुसऱ्या जोडापर्यंत ती ओढ नेतो, आणि तो जोड मागची कमान पुढे खेचतो. या सगळ्या रचनेत तार कुठेही नाही. हाताचा जोर धातूच्या एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक सांधा उघड्या डोळ्यांना दिसतो. ज्याला यंत्र कसे चालते ते पाहण्यात गोडी आहे, त्याने अशी सायकल स्टँडवर लावून, लिव्हर हळूहळू दाबत, मागच्या कमानीपर्यंत ती हालचाल एकदा नजरेने जरूर अनुसरावी.

केबलच्या लिव्हरचे काम याहून सुटसुटीत असते. हँडलभोवती स्क्रूने आवळलेला पट्टा, त्यात आडव्या पिनेवर झुलणारे पाते, आणि पात्यात अडकवलेली तारेची गुंडी एवढीच त्याची रचना. पाते दाबले की तार बाहेरच्या वेटोळ्याच्या नळीतून सरकते आणि चाकाजवळचा चिमटा दोन्ही बाजूंनी रिम पकडतो. अशा केबलचे पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांनी 1896 मध्ये घेतले, आणि आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीला मोठे करणारे फ्रँक बोडेन हे वेगळे गृहस्थ होते. आडनाव सारखे असल्यामुळे या दोघांना एकच समजण्याची चूक संग्राहकांच्या गप्पांत वारंवार होते, म्हणून हे इथे नोंदवून ठेवतो.

दोन्ही लिव्हरमधला खरा फरक मात्र हातात धरलेल्या तुकड्यात कमी आणि चाकात जास्त आहे, आणि या लेखात मला आवर्जून सांगायची गोष्ट तीच आहे. रॉडचा ब्रेक रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने दाबतो. म्हणून त्याला वेस्टवूड पद्धतीची रिम लागते, जिच्या आतल्या बाजूला आऱ्यांच्या दोन्हीकडे रबर टेकायला गोलसर पट्टे असतात. केबलचा चिमटा रिमला बाजूंनी पकडतो. त्यासाठी रिमच्या बाजू सपाट आणि एकमेकींना समांतर असाव्या लागतात, आणि अशी रिम एंड्रिक नावाने ओळखली जाते. वेस्टवूड रिमच्या बाजू गोलाई घेतलेल्या असल्यामुळे त्यांवर चिमट्याचे रबर नीट बसत नाही, तर एंड्रिक रिमला आतून दाबायला पुरेशी जागा नसते. वेस्ट्रिक नावाची मधली रिम दोन्हींना चालते, पण ती तुलनेने कमी दिसते. रॉडचे ब्रेक बहुधा 28 × 1½ इंच मापाच्या चाकांवर आढळतात, ज्यांचे टायर बसण्याचे माप 635 मिलिमीटर आहे. इंग्लंडच्या हलक्या ‘स्पोर्ट्स’ सायकलींवर केबलचे ब्रेक आणि बहुधा 26 × 1⅜ इंची, म्हणजे 590 मिलिमीटरची चाके असत. म्हणूनच लिव्हर पसंत करण्याआधी आपल्या सायकलची रिम बोटाने चाचपून पाहावी. लिव्हर बदलायला दहा मिनिटे लागत असतील, पण त्याच्यामागे दोन्ही रिमा, ब्रेकची सगळी जोडणी आणि बऱ्याचदा हँडलही बदलावे लागते, आणि मग संग्रहातली सायकल जुनी राहतच नाही.

सुटा लिव्हर किंवा सुटे हँडल समोर आले, तर ओळख पटवायला कान आणि गुंडी या दोन खुणा पुरतात. रॉडच्या लिव्हरला स्वतःचा पट्टा नसतो, कारण तो हँडलच्या कानांत राहतो. त्याच्या मधल्या टोकाला रॉड अडकवण्यासाठी छिद्र किंवा डोळा असतो. केबलच्या पात्यात तारेची गुंडी बसण्याची खाच असते, आणि पट्ट्याजवळ केबलची बाहेरची नळी टेकण्याची जागा असते, जिथे बऱ्याचदा आट्यांची बारीक नळी बसवलेली आढळते. हँडल उलटे करून खालची बाजू उजेडात धरा. कान जागेवर असून वरून केबलचे लिव्हर आवळलेले असतील, तर कोणीतरी मध्येच पद्धत बदलली आहे. कान कापून कानशीने घासलेले असतील, तर त्या जागी मुलाम्याखालून पोलादाचा मळकट ठिपका डोकावतो आणि बोट फिरवल्यावर पृष्ठभाग किंचित सपाट लागतो. नव्याने क्रोम चढवलेल्या हँडलवरही हा सपाटपणा लपत नाही. रॉडच्या लिव्हरची झीज पाहायची तर त्याचे मुठीकडचे टोक धरून वरखाली नव्हे, तर आडवे हलवावे. कानांतली छिद्रे लांबट झालेली असतील, तर सळई तिथे खुळखुळते. ही झीज भरून काढणे अवघड आहे, आणि असे हँडल मी तरी, त्यावरचा मुलामा कितीही चमकत असला, घ्यायला सांगणार नाही.

आपल्या भागातल्या रस्त्यांचा विचार केला, तर दोन्ही पद्धतींचे गुणदोष वेगळ्याच रीतीने पुढे येतात. खेड्यातल्या वाटांवर चाकात आउट येते, म्हणजे चाक डावीउजवीकडे डुलू लागते. रबर आतून टेकत असल्यामुळे रॉडचा ब्रेक हे डुलणे बरेच सहन करतो. केबलच्या चिमट्याला मात्र प्रत्येक फेरीत रिम एका बाजूला घासते. उलट, रिम वरखाली उसळत असेल, तर रॉडच्या ब्रेकला ते लगेच जाणवते. केबलमध्ये धूळ आणि पाणी शिरले की तार नळीत जड चालते, तिचे एकेक पदर तुटू लागतात, आणि हे वेळेवर दिसत नाही. रॉड तुटण्याआधी सांधा सैल होऊन वाजू लागतो. पावसाळ्यात आपली काळी माती चिकटली की मडगार्ड आणि कमान यांच्यामध्ये ती इतकी गच्च बसते की चाक फिरेनासे होते, आणि तिथे रॉडच्या ब्रेकची अडचण अधिक, कारण कमान रिमला वेढून बसलेली असते. याच कारणाने चाक काढायचे तर आधी कमान सोडवावी लागते, आणि म्हणून आपल्याकडचे पंक्चरवाले चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून काम उरकत आले आहेत. ओल्या पोलादी रिमवर मात्र दोन्ही ब्रेक सारखेच कमजोर पडतात. पावसात उतारावर जुनी सायकल सावकाशच चालवावी.

आणखी एक गोष्ट हँडलच्या उंचीची. केबलला थोडी ढील असल्यामुळे हँडल वरखाली केले तरी ब्रेकवर परिणाम होत नाही. रॉडच्या सायकलीवर हँडलचा खुंटा बोटभर वर घेतला, तरी रॉड ओढले जाऊन रबर रिमला लागून बसतात, म्हणून रॉडचे सांधे सोडून पुन्हा बसवावे लागतात. जुन्या सायकलीवर ब्रेक सतत लागलेला दिसला, तर बिघाड शोधण्याआधी हँडल कोणी हलवले होते का, हे विचारावे.

रॉडच्या लिव्हरमध्येही परदेशी आणि देशी हा भेद संग्राहकाला जपावा लागतो. 1950 च्या आधी आपल्याकडच्या बहुतेक सायकली आयात केलेल्या असत, त्यांत रॅले, हर्क्युलिस, हंबर, बीएसए ही नावे अग्रभागी होती. नंतर त्याच घडणीच्या सायकली भारतात बनू लागल्या: मद्रासला टीआय सायकल्सची हर्क्युलिस, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अॅटलस, लुधियानाला हिरो. घडण तीच असल्यामुळे एकाचे लिव्हर दुसऱ्यावर चढवलेले सर्रास आढळते, आणि रॉडच्या ब्रेकचे नवे सुटे भाग आपल्या देशात अजूनही बनत असल्यामुळे ही सरमिसळ आणखी सोपी झाली आहे. लिव्हरवर सहसा साल नसते. मुलाम्यावरून थोडा अंदाज बांधता येतो: निकेलची झाक पिवळसर, उबदार असते, तर क्रोमची निळसर आणि थंड. क्रोमचा वापर 1930 च्या आसपास रुळला, त्यामुळे मुळातला निकेलचा लिव्हर बहुधा त्याआधीच्या काळाकडे बोट दाखवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत ब्रिटिश कारखान्यांत चकचकीत मुलाम्यावर बंधने होती आणि अनेक भाग काळ्या रंगात रंगवून बाहेर पडले, म्हणून काळा लिव्हर दिसला की लगेच तो घासून क्रोम करायला नेऊ नये. सायकलला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्या कवचावर वर्षाचे आकडे ठोकलेले असण्याची शक्यता असते; लिव्हरच्या वयापेक्षा त्या आकड्यांवर अधिक विसंबता येते, अर्थात हब मूळचा असेल तर.

जगभरातले संग्राहक ज्यांच्यामागे लागतात ते शर्यतीच्या सायकलींचे लिव्हर सगळे केबलचेच आहेत: फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या माफाकचे, स्वित्झर्लंडच्या वाइनमानचे, इटलीतल्या विचेंझाच्या कंपान्योलोने 1960 च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या ब्रेकचे. या लिव्हरमधून केबल हँडलच्या वर कमान करून निघते, आणि त्यावरूनच ती जुनी पद्धत ओळखू येते, कारण पुढे केबल हँडलवरच्या पट्टीखाली लपवली जाऊ लागली. खाली वळलेल्या हँडलसाठी घडवलेले हे लिव्हर सुंदर आहेत, पण मराठवाड्यातल्या काळ्या सायकलीवर ते लावू नयेत.

गंजलेला रॉडचा लिव्हर हाती लागला तर तारेचा ब्रश वापरू नये. उरलासुरला मुलामाही त्याने निघून जातो. रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून पितळी तारेच्या मऊ चोथ्याने हलके घासावे, कानांतला जुना ग्रीस काडीने काढावा आणि नवे तेल दोनच थेंब सोडावे, कारण जास्त तेलावर धूळ बसून तीच सळईला कानशीसारखी खाते. लिव्हर सुटा घ्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंचा जोड, हँडल आणि किमान पुढचा उभा रॉड एकत्र मिळतो का हे आधी विचारावे. एकटा डावा लिव्हर स्वस्त वाटला, तरी त्याच्या वाकाशी जुळणारा उजवा शोधणे फार कठीण जाते.