८०० ग्रॅमचं पिल्लू आणि आपल्या मापाचं घर

घरी पॉमेरेनियन, शिह त्झू किंवा चिवावाचं पिल्लू आणायचं ठरलं की पहिल्यांदा खरेदी होते. मऊ गादी, दोन वाट्या, पट्टा, आवाज करणारी खेळणी. होऊ दे, आनंदाचा भाग आहे तो. पण घर खरंच तयार करायचं असेल तर आधी एक आकडा हातात हवा, पिल्लाचं वजन. दोन महिन्यांचं टॉय ब्रीडचं, म्हणजे अगदी छोट्या जातीचं, पिल्लू बऱ्याचदा १ किलोच्या आतलं असतं, आपण हिशोबाला ८०० ग्रॅम धरू. विष असो, औषध असो, उपास असो की थंडी, शरीरावर होणारा परिणाम ‘किलोमागे किती’ या हिशोबाने होतो आणि लॅब्रॅडॉर पाळलेल्या मित्राचे सल्ले इथेच चुकतात. ‘आमच्या ब्रूनोने अख्खं चॉकलेट खाल्लं, काही झालं नाही’ हे खरं असेलही, पण ब्रूनो ३० किलोचा आहे.

हिशोब कसा बदलतो ते एका गोळीवर बघा. आपली तापाची पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची असते, ६० किलोच्या माणसाला ती किलोमागे ८ मिलिग्रॅम पडते. कुत्र्यांमध्ये किलोमागे साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास लिव्हरला धोका सुरू होतो, आणि तीच एक गोळी ८०० ग्रॅमच्या पिल्लाने चावली तर त्याला किलोमागे ६२५ मिलिग्रॅम पडते. एकच गोळी, ती पण टीपॉयवरून घरंगळून सोफ्याखाली गेलेली. म्हणून घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचा गोळ्यांचा डबा हा तयारीतला पहिला विषय, शुगरच्या, बीपीच्या, दुखण्याच्या सगळ्या गोळ्या उंच आणि बंद कपाटात. आणि पिल्लाला बरं वाटत नाही म्हणून आपली गोळी ‘अर्धी तोडून’ द्यायची नाही, कधीच.

आता साखर. छोट्या जातीच्या पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू कुठला असं मला कोणी विचारलं तर मी आधी भूक म्हणेन. प्राणी जितका लहान तितकी त्याला किलोमागे जास्त ऊर्जा लागते, मॅक्स क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये याचं गणित मांडलं, त्या हिशोबाने १ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला रोज साधारण ७० कॅलरी लागतात आणि ३० किलोच्या कुत्र्याला किलोमागे जेमतेम ३०. पिल्लू वाढतं असतं त्यामुळे त्याची गरज त्याच्याही दुप्पट-तिप्पट. उलट साठवायची जागा मात्र इवलीशी, लिव्हर छोटं, स्नायू कमी, चरबी जवळपास नाहीच. त्यामुळे काही तास पोटात अन्न गेलं नाही, किंवा प्रवास झाला, थंडी वाजली, जुलाब झाले, की रक्तातली साखर धाडकन खाली येते. पिल्लू सुस्त पडतं, चालताना झोकांड्या खातं, थरथरतं, हिरड्या फिक्या पडतात आणि पुढे फिट्स येतात. बरेच जण ‘दमलंय, झोपू दे’ म्हणतात, आणि नवीन घरातल्या पहिल्या एक-दोन दिवसांत हे सगळ्यात धोक्याचं.

म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला, शेवटचं खाणं रात्री आपण झोपायच्या आधी, आणि पहिले काही दिवस जिथून आणलं तिथे जे खात होतं तेच. मध किंवा ग्लुकोज पावडर हाताशी ठेवा. पिल्लू गळपटलं तर बोटाने हिरड्यांना थोडं चोळायचं, थोडं जरी शोषलं गेलं तरी वेळ मिळतो, आणि लगेच व्हेटकडे निघायचं. शुद्धीत नसलेल्या पिल्लाच्या तोंडात चमच्याने पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. आणि एक, आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. तरी महिन्या-सव्वामहिन्याची पिल्लं ‘छोटंच छान दिसतं’ म्हणून खपवली जातात, ‘टीकप’ म्हणून तर जास्तच पैसे घेऊन. घेऊ नका. त्या वयात त्याला आईची गरज असते.

किचनमध्ये सगळ्यात आधी झायलिटॉल शोधा, साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ. शुगरफ्री च्युइंगम, काही टूथपेस्ट, माऊथवॉश, काही परदेशी पीनट बटर यात ही गोड चव असते. माणसाला काही होत नाही, पण कुत्र्याच्या शरीराला ती साखरच वाटते आणि स्वादुपिंड भराभर इन्सुलिन सोडतं, मग खरी साखर तास-अर्ध्या तासात कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅमला हे सुरू होतं, आपल्या पिल्लासाठी ०.०८ ग्रॅम, आणि एका च्युइंगममध्ये बऱ्याचदा यापेक्षा जास्त असतं. जास्त गेलं तर लिव्हरही निकामी होतं. ऑफिसची बॅग, पर्स खाली जमिनीवर टाकायची सवय असेल तर ती आजच सोडा.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं, निम्मं कमी व्हायलाच १७-१८ तास. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या-अस्वस्थता सुरू होते, ६० च्या पुढे फिट्स. ३० किलोच्या कुत्र्याला त्या पहिल्या पायरीपर्यंत यायला साधारण ३०० ग्रॅम मिल्क चॉकलेट लागेल, आपल्या पिल्लाला ८ ग्रॅम, डार्क असेल तर ३ ग्रॅम.

द्राक्षं आणि बेदाण्यांचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण ते आपल्या घरात सगळीकडे असतात, शिऱ्यात, खिरीत, चिवड्यात, दिवाळीच्या ड्रायफ्रूटच्या बॉक्समध्ये. त्याने कुत्र्यांच्या किडन्या बंद पडतात हे बरीच वर्षं माहीत होतं, पण का ते कळत नव्हतं. मग अमेरिकेतल्या व्हेट्सकडे अशी कुत्री आली ज्यांनी द्राक्षं खाल्लीच नव्हती, बेकिंगसाठी वापरतात ती क्रीम ऑफ टार्टर खाल्ली होती, किंवा चिंच खाल्ली होती, आणि किडनीचं नुकसान अगदी तसंच. तिन्हींमध्ये समान काय तर टार्टारिक अॅसिड. २०२१-२२ पासून संशयाची सुई तिकडे आहे. आपल्या वाचकांसाठी यातला चिंच हा शब्द मोठा आहे. आमटीत चिंच, भेळेच्या चटणीत चिंच, पाटाखाली निसटलेलं चिंचेचं बोटूक. कुठल्या द्राक्षात किती अॅसिड हे बदलत असल्याने ‘एवढं चालतं’ असा आकडा सांगता येत नाही, त्यामुळे शून्य हाच आकडा धरा.

कांदा-लसूण शिजवला तरी निर्धोक होत नाही. त्यातली गंधकाची संयुगं लाल रक्तपेशी फोडतात आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात, म्हणून कोणाला दोघांचा संबंधच लागत नाही. तेव्हा आमटी-पोळी, रस्सा-भात, पिठलं यातलं काही नको. दूध-पोळीवर गावाकडची कुत्री वाढली हे मान्य, पण दुधाने जुलाब झाले तर ८०० ग्रॅमच्या जीवाकडे गमवायला पाणीच किती असतं. कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या, पायाने उघडणारा आणि जड.

किचनमधून बाहेर आलो की फरशी. नवीन फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर पिल्लाचे पाय चारी दिशांना पसरतात, बघायला मजा वाटते, व्हिडिओ काढावासा वाटतो, पण वाढत्या सांध्यांना ते वाईट. छोट्या जातींमध्ये मागच्या पायाची गुडघ्याची वाटी सरकण्याची प्रवृत्ती जन्मतःच असते, त्यात ही घसरण नको. जुनी सतरंजी, योगा मॅट, रबरी तळाची पायपुसणी, जे असेल ते टाका, जिथे ते धावतं तिथे तर नक्की.

उंचीचं विज्ञान जरा उलटं आहे. एरवी लहान प्राणी पडण्यातून मोठ्यांपेक्षा बरे वाचतात, उंदीर माळ्यावरून पडला तरी पळून जातो. टॉय ब्रीड मात्र माणसाने निवडून निवडून लहान केलेली, त्यांच्या पुढच्या पायाचं हाड फार बारीक असतं आणि मनगटाजवळच्या भागात त्या हाडाला रक्तवाहिन्याही मोठ्या कुत्र्यांपेक्षा कमी असतात. त्यामुळे सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला ही यांच्यातली नेहमीची केस, शिवाय रक्तपुरवठा कमी म्हणून हाड लवकर जुळतही नाही, प्लेट बसवावी लागते. बेड-सोफ्यावर चढवायचं असेल तर उतरायला पायरी किंवा उतार ठेवा, नाहीतर चढवूच नका. मुलांना एकच नियम, पिल्लू घ्यायचं तर मांडी घालून जमिनीवर बसून घ्यायचं, उभं राहून कडेवर नाही, कारण पिल्लू वळवळतं आणि मुलाच्या हातातून निसटतं. चिवावाच्या बऱ्याच पिल्लांची तर टाळू भरलेली नसते, तान्ह्या बाळासारखी, काहींची आयुष्यभर तशीच राहते, डोक्याला साधा टोलाही महाग पडतो. वाऱ्याने धाडकन आपटणारी दारं, सोफा-कम-बेड, रिक्लायनर, स्टोरेजचा बेड, हे सगळं बंद करायच्या आधी खाली वाकून बघायची सवय घरातल्या प्रत्येकाला लागायला हवी. पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस घ्या, यांची श्वासनलिका नाजूक असते आणि पॉमेरेनियनमध्ये ती चपटी होण्याचा आजार बराच दिसतो.

बाल्कनीच्या ग्रीलमध्ये चार बोटं आडवी आरामात जात असतील तर पिल्लूही जाऊ शकतं असं धरून चाला. कबुतरांची जाळी आहे ना, असं म्हणून सोडू नका, ती वरून ताणलेली आणि खाली ढिली असते, पिल्लू नेमकं खालून घुसतं. खालचे दोन फूट कडक जाळी बांधून घ्या. तिथल्याच कुंड्याही तपासा. कण्हेर, बिट्टी आणि अडेनियममध्ये हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं, सायकस म्हणजे ती शोभेची पामसारखी झाडं लिव्हर संपवतात, ही चार घरात नकोतच. मनी प्लांट आणि डिफेनबाखियाच्या पानात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, तोंड सुजतं, लाळ गळते, ती उंचावर टांगली तरी चालेल.

वायर्स. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, ते साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि चार्जरची मऊ वायर चावायला एकदम योग्य लागते. तोंड भाजतं हे दिसतं, पण शॉकनंतर काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू शकतं हे लोकांना माहीत नसतं, म्हणून पिल्लू ‘ठीक दिसतंय’ तरी व्हेटला दाखवायचं. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेलं असलं तरी निर्धास्त राहू नका, ते करंट जमिनीकडे गळला तर ट्रिप होतं, पिल्लाने दोन्ही तारा एकत्र चावल्या तर ते ट्रिप होईलच असं नाही. वायर्स पाइपमध्ये किंवा फर्निचरमागे, चार्जर वापरून झाला की काढून वर. रिमोट आणि खेळण्यातले बटन सेलही बघा, गिळले गेले तर अन्ननलिकेत अडकून थोड्याच वेळात आतून भाजतात.

उंदराच्या औषधाबद्दल मी फार आग्रही आहे, पिल्लू येणार असेल तर ते घरात नकोच आणि सोसायटीने पार्किंगमध्ये, डक्टमध्ये काय टाकलंय ते कमिटीला विचारून घ्या. एक प्रकार व्हिटॅमिन के चं चक्र बंद पाडतो, रक्त गोठत नाही, पण पहिले दोन-तीन दिवस पिल्लू मस्त खेळतं आणि मग अचानक आतून रक्तस्राव. दुसरा झिंक फॉस्फाइड, पोटातल्या अॅसिडशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, अशा वेळी खायला घातलं तर अॅसिड वाढतं आणि वायूही. कपाटातल्या डांबर गोळ्याही विषारीच.

पार्व्होबद्दल थोडं सविस्तर. पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा हा व्हायरस १९७८ मध्ये ओळखला गेला आणि बघता बघता जगभर पसरला. त्याला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझर आणि नेहमीच्या बऱ्याच फ्लोअर क्लीनरना तो दाद देत नाही आणि जमिनीवर कित्येक महिने टिकतो. घरात आधी कुठलं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर फरशी आधी धुऊन, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी असं मिश्रण १० मिनिटं ठेवून पुन्हा साध्या पाण्याने पुसायची. ब्लीच टॉयलेट क्लीनरच्या अॅसिडबरोबर मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. पिल्लू बाहेर गेलं नाही तरी व्हायरस आपल्या चपलांना लागून येतो, म्हणून चपला दाराबाहेर किंवा बंद कपाटात, दारातल्या उघड्या स्टँडवर नाहीत. लसी ६ ते ८ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत. इतक्या वेळा का, तर आईकडून आलेल्या अँटीबॉडीज आधीच्या लसीला निष्प्रभ करतात आणि त्या नेमक्या कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं.

पण याचा अर्थ चार महिने कोंडून ठेवा असा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू ‘हे ओळखीचं, हे घाबरायचं’ असं ठरवत असतो. जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन खाली न्या, रिक्षा दाखवा, कुकरची शिट्टी, मिक्सर, लांबून येणारा ढोल-ताशा हळूहळू कानावर पडू द्या. हा काळ उलटून गेल्यावर दिवाळीत फटाक्यांना सरावणं खूप अवघड जातं.

शेवटी, काही खाल्लंच तर. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास दिला जातो. कुत्र्याला किलोमागे साधारण ४ ग्रॅम मीठ जीवघेणं ठरू शकतं, चहाच्या एका चमच्यात ५-६ ग्रॅम मीठ बसतं, म्हणजे ८०० ग्रॅमच्या पिल्लाला तो उपायच मारू शकतो. उलटी काढायची की नाही ते व्हेट ठरवतील. तुम्ही फक्त रॅपर किंवा उरलेली गोळी बरोबर घ्या, किती वाजता खाल्लं ते सांगा आणि वजन सांगा. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला ते पिल्लू यायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा, नंबर फ्रिजवर लावा, आणि त्याच कागदावर दर रविवारी किचनच्या काट्यावर भरलेलं पिल्लाचं नवीन वजन लिहीत जा.