ड्रिपर आधी चोंदतो

निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराला लिंगाच्या ताठरपणाचं गणित चटकन कळतं. पाण्यात क्षार असले की आधी चोंदतो तो ठिबकचा ड्रिपर. मेनलाइन वाहतच असते. लिंगाच्या धमन्यांचा व्यास १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी आतलं अस्तर बिघडलं की बारीक नळी पहिली तक्रार करते, कधीकधी छातीत दुखू लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधी. म्हणून चाळिशीत ही अडचण आली तर साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासून घ्यावेत. 'नपुंसक' हा शब्द मला मुळीच आवडत नाही. ड्रिपर चोंदला म्हणून वेलीला कुणी वांझ म्हणत नाही.

उत्तेजना मिळाली की मज्जातंतू आणि धमन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात. स्नायू सैलावतात, रक्त भरतं. १९९८ साली आलेलं सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) हा संदेश पुसणाऱ्या एन्झाइमला अडवतं. तेवढा वेळ काम होतं, नळी मात्र तशीच राहते. (छातीदुखीसाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही गोळी घेऊच नये, रक्तदाब धाडकन कोसळतो.)

नाशिकच्या सीबीएस, शालिमार भागात हिंडलं की 'मर्दानी ताकदी'च्या जाहिराती दिसतातच. आता त्यांच्या जोडीला शॉकवेव्ह, पीआरपी (रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन), स्टेम सेल (मूळ पेशी) हे शब्द कानावर येतात. दावा असा, की वेलीला नवी पांढरी मुळी फुटावी तशा इथे नव्या रक्तवाहिन्या फुटतील. कल्पना वेडगळ नाही. शॉकवेव्ह म्हणजे मूतखडा फोडणाऱ्या लहरी; त्या फार सौम्य करून दिल्या की पेशी वाढीचे संकेत सोडतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. इस्रायलच्या योराम वार्दी यांच्या गटाने २०१० मध्ये २० पुरुषांवरचा पहिला अनुभव मांडला. नंतरच्या चाचण्यांत सौम्य त्रास असलेल्यांना थोडा फायदा दिसला, पण यंत्रं वेगळी, मात्रा वेगळ्या, पाहणीचा काळ तोकडा. स्टेम सेलचं तर अजून सगळं प्रयोगावस्थेतच आहे.

पीआरपीत स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट घट्ट करून टोचतात. ग्रीसमधल्या एका चाचणीत त्याने फायदा दिसला. मायामीत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र पीआरपी आणि नुसतं सलाइन (मिठाचं पाणी) यांत फरकच आढळला नाही. सलाइन टोचलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त पुरुषांना सुधारणा जाणवली होती. जाहिरातीत त्या सलाइनचा उल्लेख कधी येत नाही.