सोडा-व्हिनेगर आपल्या मोरीत आलं कुठून?

सिंक तुंबलं की आजकाल पहिला सल्ला ठरलेला, बेकिंग सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता, फसफसलं की काम झालं. वर त्याला 'आजीच्या बटव्यातला उपाय' म्हणायचं! आता आजीच्या बटव्यात व्हिनेगर कुठून येणार? गोव्याकडे माडाचं व्हिनेगर होतं खरं, पण ते सोरपोतेलात, म्हणजे तिथल्या डुकराच्या मटणात जायचं, मोरीत नाही.

मुळात जुन्या घरांत तुंबायला पाईपच नसायचा. फरशी, कडेला छोटा कठडा, भिंतीला भोक, झाली मोरी, पाणी जायचं मागे परसात अळवाला नाहीतर केळीला. भांड्यांना राख आणि काथ्या, केसांना शिकेकाई, त्यामुळे अडकून अडकून काय अडकणार तर केस, खरकटं आणि राखेचा गाळ, मग खराट्याचा हीर किंवा बांबूची कांब घेऊन ढोसायचं, विषय संपला.

खरी भानगड सुरू होते पाईपच्या वळणापासून. अलेक्झांडर कमिंग हा मूळचा स्कॉटलंडचा, लंडनमधला घड्याळजी, त्याने १७७५ साली संडासासाठी एस आकाराच्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही, साधी पण जबरदस्त आयडिया, आपल्या मोरीच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅपसुद्धा साचलेल्या पाण्याच्या याच तत्त्वावर चालतो. फक्त जिथे पाणी थांबतं तिथे गाळही थांबतो ना.

त्यात आपल्याकडे राखेचा जमाना गेला. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केला, कपड्यांची पावडर घरोघरी परवडायला लागली, पुढे भांड्यांचे बार आले. राखेने भांडं घासलं तर बरंचसं तेल राखेतच शोषलं जायचं, डिटर्जंट मात्र ते सुटं करून पाण्याबरोबर पाईपात पाठवतो आणि तिथे थंड झालं की ते भिंतीला धरतं. बाथरूममध्ये अंगाचा साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून पांढरा चिकट थर करतो, त्यात केस गुंतले की बघायलाच नको.

या चिकटपणावर खरा उतारा म्हणजे धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. फ्रान्सच्या निकोलस लब्लांने मिठापासून सोडा बनवायची पद्धत १७९१ मध्ये पेटंट केली, आपल्याकडे टाटा केमिकल्स १९३९ साली मिठापूरला उभी राहिली. धुण्याचा सोडा चांगलाच अल्कलाइन, तेलकटपणा सोडवतो. (पीव्हीसी पाईप असेल तर उकळतं पाणी ओतू नका, तो मऊ पडतो.)

बेकिंग सोडा हा त्याचा मवाळ भाऊ. अमेरिकेत ड्वाइट आणि चर्च यांनी १८४६ पासून तो विकला, आणि पुढे घरी ब्रेड-केक करणं कमी झालं तसा डबा पडून राहायला लागला, मग १९७२ मध्ये त्यांच्याच आर्म अँड हॅमर ब्रँडने जाहिरात केली की डबा उघडून फ्रिजमध्ये ठेवा, वास जातो. फ्रिजमधला जुना झाला की सिंकमध्ये ओता हाही सल्ला त्यांचाच! म्हणजे खप वाढवायची शक्कल, आणि तीसुद्धा वास घालवण्यापुरती, तुंबलेलं काढायला नव्हे. व्हिनेगर घातलं की आम्ल आणि अल्कली एकमेकांनाच मारतात, कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो आणि मागे राहतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. फेस बघून बरं वाटतं एवढंच.

जालीम रसायन पण अमेरिकेतूनच, १९२३ चं ड्रानो, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे, पाणी लागलं की प्रचंड उष्णता आणि हायड्रोजन. आपल्या दुकानात मिळणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांतही मुख्य माल कॉस्टिकच, हातावर उडालं तर कातडी भाजते, आणि ॲसिडबरोबर तर चुकूनही मिसळू नका.

आणि केसांचा गुंता असेल तर शेवटी ढोसण्यालाच पर्याय नाही. आयोवातल्या सॅम्युअल ब्लँक यांनी वॉशिंग मशीनची मोटर, रोलर स्केटची चाकं आणि स्टीलची केबल जोडून पाईप साफ करायचं मशीन बनवलं, त्यातून १९३० च्या दशकात रोटो-रूटर ही पाईप साफ करणारी कंपनी उभी राहिली. प्लंबर आज जी फिरती स्प्रिंग घेऊन येतो ती त्याच जातीची, फक्त हीर जिथे वळणार नाही तिथे ती वळते.