प्लुटोवर बर्फ आहे, पण कुठला?

‘प्लुटो बर्फाने झाकलेला आहे’ हे वाक्य खोटं नाही, पण ते वाचलं की पुढे काय येणार हे मला माहीत असतं: ‘म्हणजे तिथे पाण्याच्या हिमनद्या आहेत.’ नाहीत हो!

पाण्याचा बर्फ म्हणजे आपल्या फ्रीजरच्या ट्रेमधला, उसाच्या रसातला. तो प्लुटोवरही भरपूर आहे. पण तिथल्या उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत तो दगडासारखा कडक असतो. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यानाने जवळून टिपलेले तेनझिंग पर्वत, सुमारे सहा किलोमीटर उंचीचे, याच बर्फाचे. आपल्याकडे जे काम काळा पाषाण करतो, ते तिथे गोठलेलं पाणी करतं.

वाहतो तो नायट्रोजनचा बर्फ. सगळी गोम इथेच आहे. नायट्रोजन उणे २१० अंशांना गोठतो. म्हणजे प्लुटोवर तो वितळण्यापासून जेमतेम वीस अंश लांब, आणि पाण्याचा बर्फ तब्बल दोनशे तीस. थंडी दोघांना एकच, पण एक मऊ राहतो, दुसरा खडक होतो.

हा मऊपणा बघायचा तर प्लुटोच्या फोटोत दिसणाऱ्या त्या प्रसिद्ध बदामाचा, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या उजळ भागाचा, डावा अर्धा भाग बघा: स्पुटनिक प्लॅनिशिया, सुमारे हजार किलोमीटरचं मैदान. त्यावर दहा ते चाळीस किलोमीटर रुंदीचे बहुकोनी तुकडे दिसतात. खालून येणाऱ्या उष्णतेने नायट्रोजनचा बर्फ मधून वर येतो आणि कडेने खाली जातो, पिठलं रटरटावं तसा. फक्त वेग वर्षाला काही सेंटीमीटर! पृष्ठभाग सतत नवा होत असल्याने तिथे उल्काविवरं सापडत नाहीत.

आणि कृपया याला ‘द्रव नायट्रोजनचा समुद्र’ म्हणू नका. तो घन आहे. तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या लाखाव्या भागाइतका; एवढ्याशा दाबाखाली उघड्यावर द्रव टिकत नाही, बर्फाची थेट वाफ होते.

मिथेनचाही बर्फ आहे. तो काही शिखरांवर हिमासारखा साचतो आणि फोटो हुबेहूब आल्प्ससारखा दिसतो, म्हणून गोंधळात भर. एवढंच.

मला सगळ्यात आवडतात त्या मैदानातल्या टेकड्या. पाण्याचा बर्फ नायट्रोजनच्या बर्फापेक्षा किंचित हलका. त्यामुळे डोंगरातून निखळलेले काही किलोमीटर रुंदीचे कडे या घन नदीवर तरंगत जातात आणि बहुकोनांच्या कडांना गाळासारखे जमतात.